सॅफची पोरांची स्पर्धा बघायला जायचं असेल तर

सॅफ म्हटलं की लोकांना सुनील छेत्री आठवतो. पण सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ, जवळपास दरवर्षी पोरांच्याही स्पर्धा भरवतो. कधी सतरा वर्षांखालच्या, कधी एकोणीस किंवा वीस वर्षांखालच्या, मुलींच्या वेगळ्या. भारत, नेपाळ, बांगलादेश, भूतान, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान हे सात सदस्य. अफगाणिस्तान २०१५ पर्यंत होता, नंतर तो मध्य आशियाच्या संघटनेत गेला. मी कोल्हापुरात शाळेच्या पोरांना फुटबॉल शिकवतो. जमेल तेव्हा चार-दोन पोरं आणि त्यांचे पालक बरोबर घेऊन ही स्पर्धा गाठतो. "सर, आमच्या पोराला पण न्यायचंय, काय काय लागतंय?" हा प्रश्न इतक्या जणांना फोनवर समजावून झालाय की आता एकदाच सगळं लिहून काढतो.

पहिली गोष्ट: फायनलच्या मागं लागू नका, साखळी सामने बघा. फायनलला गर्दी, ढोल, झेंडे, पुढारी, सगळं असतं. खेळ मात्र समोरच्याच्या डोक्यांमधून शोधावा लागतो. साखळीत बुधवारी दुपारी श्रीलंका-भूतान असला की निम्मं स्टेडियम रिकामं. तुम्ही थेट रेषेजवळ बसता. कोच कुणावर आणि कशासाठी ओरडला, स्टॉपरनं (मधल्या बचावपटूनं) गोलीला (गोलकीपरला) काय सांगितलं, सगळं कानावर येतं. त्यात एकाच मैदानावर दिवसाला दोन सामने लावायची पद्धत आहे, म्हणजे एका बैठकीत चार देश बघून होतात. पहिल्या तीन-चार दिवसांत सगळे संघ निदान एकदा तरी डोळ्यांखालून जातात. सुट्टी कमी असेल तर तेवढेच दिवस धरा आणि सेमीफायनलच्या आधी खुशाल परत या.

यातलं गणितही सोपं आहे. सहा-सात संघ, दोन गट, प्रत्येक गटातले पहिले दोन सेमीफायनलला. २०२४ ला थिंपूत सतरा वर्षांखालच्या स्पर्धेत भारत, बांगलादेश आणि मालदीव एका गटात होते; भूतान, नेपाळ, श्रीलंका, पाकिस्तान दुसऱ्यात. तीन संघांच्या गटात पोराला मिळतात दोनच सामने. पहिला हरला की दुसऱ्यात सगळं पणाला. त्यामुळं पहिल्या दिवसापासून पोरं जीव तोडून खेळतात. मोठ्यांच्या स्पर्धेसारखं हातचं राखून खेळणं इथं परवडत नाही.

वयोगटाचं नाव मात्र दर वेळी तपासा. हीच स्पर्धा २०१९ ला कल्याणीला पंधरा वर्षांखालची होती, २०२२ ला कोलंबोत सतरा, २०२३ ला थिंपूत सोळा, २०२४ ला परत सतरा. पोराला त्याच्या वयाचे खेळाडू दाखवायचे असतील तर स्पर्धेच्या नावावर जाऊ नका, नियमात दिलेली जन्मतारखेची अट बघा.

आता कागदपत्रं. सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.

नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. म्हणून लोक आधार कार्ड खिशात टाकून विमानतळावर जातात आणि काउंटरवर अडकतात. मोठ्या माणसाला पासपोर्ट लागतो, नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधार चालत नाही. पंधराच्या आतल्या पोरांना आणि पासष्टीच्या पुढच्यांना फोटो असलेला दुसरा ओळखीचा पुरावा चालतो, त्यात आधार येतं. खरी गोची पंधरा ते अठराच्या पोरांची, आणि आपली पोरं नेमकी त्याच वयाची. मतदार कार्ड मिळायला लहान, आधारवर सुटायला मोठी. त्यांच्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळखपत्र चालतं. नमुना काठमांडूच्या भारतीय दूतावासाच्या संकेतस्थळावर आहे. तो छापून शाळेत न्या. नाहीतर क्लार्क आपलं नेहमीचं बोनाफाईड हातात ठेवतील, आणि ते वेगळं. माझं मत विचाराल तर पोराचा पासपोर्टच काढून टाका. पोरगं बरं खेळत असेल तर आज ना उद्या लागणारच आहे. आई-वडील बरोबर नसतील तर दोघांच्या सहीचं संमतीपत्रही घ्या. कुणी मागो न मागो, फाईलमध्ये असू दे.

भूतानलाही पासपोर्ट किंवा मतदार कार्ड चालतं, मुलांना जन्मदाखला लागतो. पण तिथं भारतीयांना माणशी, रात्रीमागं १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आहे. पाच रात्री म्हणजे ६,००० रुपये, आणि त्यात राहणं-जेवण काहीच नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं. हा आकडा धरल्याशिवाय पोरांच्या घरी बजेट सांगू नका. कोलंबोला पासपोर्ट आणि ऑनलाइन प्रवास परवाना, ढाक्याला रीतसर व्हिसा.

स्पर्धा आपल्याच देशात असली म्हणजे कागद लागत नाहीत, असंही नाही. २०२५ च्या मे महिन्यात एकोणीस वर्षांखालची स्पर्धा अरुणाचल प्रदेशात, इटानगरजवळच्या युपियाला, गोल्डन ज्युबिली स्टेडियमवर झाली. अरुणाचलमध्ये शिरायला बाहेरच्या भारतीयाला इनर लाइन परमिट लागतं. ते ऑनलाइन निघतं, पण तिकीट काढायच्या आधी काढा.

प्रवासाचं काठमांडूपुरतं सविस्तर सांगतो, कारण या स्पर्धा तिथं वरचेवर होतात आणि आपल्या खिशाला झेपणारं परदेशातलं ठिकाणही तेच. विमान दिल्लीवरून सोयीचं. स्वस्तात जायचं तर लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कुशीनगर एक्सप्रेसनं गोरखपूर, तिथून बसनं सोनौली, सरहद्द पायी ओलांडायची, पलीकडं भैरहवा, तिथून काठमांडूची बस. बसवाला सांगतो त्याच्यात दोन-तीन तास मिळवा. डोंगरातला रस्ता आहे. आणि स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरात असेल तर या रस्त्याच्या नादाला लागू नका. पावसात त्या घाटात दरडी कोसळतात, वाहतूक तासन्‌तास थांबते. २०२४ च्या जुलैमध्ये सिमलतालला दरडीनं दोन बस त्रिशूली नदीत लोटल्या. दुसऱ्याची पोरं बरोबर असताना विमानाचे पैसे वाचवू नयेत, यावर मी पालकांशी वाद घालत बसत नाही. ज्यांना पटत नाही त्यांना सरळ नाही म्हणतो.

भारतीय शंभराच्या नोटा भरपूर न्या, पाचशेची नोट दुकानदार घेईल असं धरू नका. एक भारतीय रुपया म्हणजे एक रुपया साठ पैसे नेपाळी, हा दर १९९३ पासून तोच आहे, त्यामुळं हिशोब पोरांनाही जमतो. आपल्याकडच्या काही ॲपनी तिथले क्यूआर कोड चालतात, पण सगळीकडं नाही. शनिवारी तिथं सुट्टी असते. बँकेचं काम शुक्रवारी उरका. शनिवारच्या सामन्याला गर्दी जास्त होईल हेही धरून चला.

दशरथ रंगशाला, म्हणजे काठमांडूचं मोठं स्टेडियम, त्रिपुरेश्वरला आहे, गावाच्या मध्यावर. रत्नपार्कवरून चालत जाता येतं, वाटेत धरहरा मनोरा दिसतो. तो २०१५ च्या भूकंपात पडला होता, आता नव्यानं बांधलाय. सगळ्या पाट्या देवनागरीत, त्यामुळं आपल्या पोरांना वाचता येतात. दुसरं मैदान ललितपूरला सातदोबाटोला, नेपाळच्या फुटबॉल संघटनेचं आन्फा संकुल. ते लहान आहे. जवळून बघायला मला तेच जास्त आवडतं. तिकीट काढण्याआधी सामना कुठल्या मैदानावर आहे ते नीट बघा, दोन्हीत गावातली अर्ध्या तासाची गर्दी आहे.

दशरथमध्ये आत गेल्यावर खुर्ची शोधायच्या आधी बाहेर पडायचं दार शोधा. मी पोरांना ते चालत जाऊन दाखवतो. १२ मार्च १९८८ ला याच स्टेडियमवर जनकपूर आणि बांगलादेशचा मुक्तिजोद्धा या संघांचा सामना चालू असताना गारपीट झाली. लोक दारांकडं पळाले, दारं बंद होती, ९३ माणसं चेंगरून गेली. स्टेडियम नंतर बरंच बदललं. दार बघून ठेवायची सवय मात्र पोरांना लागलेली बरी. ती आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील-खंडोबा या तालमींच्या सामन्यालाही कामी येते. पाऊस आला तर छत्री नको, रेनकोट न्या. छत्री उघडली की मागचा शिव्या घालतो, मग तो नेपाळी असो की कोल्हापुरी.

आता बघायचं काय.

बॉलकडं बघू नका. ही सूचना पोरं दहा मिनिटांत विसरतात, म्हणून मी प्रत्येकाला एक खेळाडू वाटून देतो. लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, खेळणाऱ्या पोरानं लेफ्ट बॅकच बघायचा. वीस मिनिटं तोच, बॉल कुठंही असो. वहीत तीनच रकाने: बॉल नसताना कुठं उभा राहिला, बॉल यायच्या आधी मान वळवून किती वेळा मागं बघितलं, आणि बॉल गमावल्यावर पहिल्या तीन सेकंदांत काय केलं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडची पोरं बॉल गेला की कमरेवर हात ठेवून रेफ्रीकडं बघतात. या स्पर्धेतली चांगली पोरं तिथल्या तिथं वळून धावतात. मी वर्षभर ओरडून सांगतो ते एका संध्याकाळी दिसतं.

सामन्याच्या तासभर आधी जा. वॉर्मअप फुकट असतो आणि तिथं सामन्याइतकंच शिकायला मिळतं. सातदोबाटोला २०२४ च्या ऑगस्टमध्ये रिपरिप पावसात एका पाहुण्या संघाचा राखीव गोलकीपर बघितला. पहिला गोली कोचबरोबर सराव करत होता, याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. यानं ग्लोव्हज काढून काखेत धरले, शॉर्ट्सला हात पुसले, परत घातले, आणि एका सोबत्याला जवळून, जमिनीलगत, ओल्या गवतावर बॉल मारायला लावले. दर वेळी छाती बॉलच्या मागं, गुडघा वळवून जमिनीला टेकलेला. एक निसटला तर कुणी बघत नसताना तोच बॉल परत मागून घेतला. नंतर तो अख्खा सामना बाकावर बसून होता. आमच्या गोलीनं वहीत त्या दिवशी सामन्याबद्दल काहीच लिहिलं नाही, फक्त गुडघ्याचं चित्र काढलं.

वयाच्या बाबतीत पालकांची कुजबुज हमखास चालू होते: "तो बघा, मिशा आल्यात, सतराचा कसा असंल?" वयचोरी आपल्या भागात होत नाही असं मी म्हणणार नाही. मनगटाच्या हाडांच्या तपासण्या त्यासाठीच आल्या, आणि सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात फिफा २००९ पासून मनगटाचा एमआरआय करते. पण मिशा हा पुरावा नव्हे. जन्मतारखेची अट १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीतलं पोरगं आणि डिसेंबरातलं पोरगं एकाच गटात खेळतात, दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर असतं, आणि त्या वयात वर्षभरात पोरगं हातभर वाढतं. म्हणून धिप्पाड पोरावर जाऊ नका. धिप्पाड पोरांच्यात टिकून राहिलेलं लहानखुरं पोरगं शोधा. त्याला अंगानं जमत नाही म्हणून ते डोक्यानं खेळतं. पुढं उंची आली की तेच भारी पडतं.

थिंपूला गेलात तर आणखी एक बघा. ते गाव समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरच्या आसपास आहे. पाहुणे संघ शेवटच्या वीस मिनिटांत दमतात. त्यांचा कोच बदली खेळाडू कधी काढतो यावर त्यानं घरचा अभ्यास किती केलाय ते कळतं. तिथल्या चांगलिमिथांग स्टेडियमचं मैदान कृत्रिम गवताचं आहे, बॉल सुळकन पुढं जातो, लांब पास हमखास रेषेबाहेर.

भारतीय संघाची यादी आधी छापून घ्या आणि पोरांकडून नावं पाठ करून घ्या. निम्म्याहून जास्त पोरं मणिपूर-मिझोरमकडची असतात, आणि "तो सात नंबरवाला" म्हणून चालत नाही. युपियाच्या फायनलला दुसऱ्याच मिनिटाला फ्री किकवर गोल मारणारा कॅप्टन सिंगमायुम शामी मणिपुरी. त्याच संघाचा कोच बिबियानो फर्नांडिस मात्र आपल्या शेजारचा, गोव्याचा. २०१७, २०१९, २०२२ आणि २०२५ च्या सॅफच्या पोरांच्या किताबांमागं हा माणूस आहे. सामना बघताना थोडा वेळ त्याच्यावरही घालवा. आणि हे कुठं जाऊन पोचतं तेही पोरांना सांगा. २०२५ च्या सप्टेंबरात कोलंबोत सतरा वर्षांखालच्या पोरांनी बांगलादेशला टायब्रेकरवर, म्हणजे पेनल्ट्यांवर, हरवलं. त्याच पोरांनी नोव्हेंबरात अहमदाबादला इराणला २-१ नं पाडून सतरा वर्षांखालच्या आशियाई चषकाची मुख्य फेरी गाठली. आपल्या पेठांतली पोरं यात कमी का, हा वेगळा विषय आहे, त्यावर मी बोलायला लागलो तर थांबणार नाही. अनिकेत जाधव कोल्हापुरातून क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला, म्हणजे वाट आहे.

नियम वाचून जा. बाद फेरीत कधी जादा वेळ देतात, कधी थेट टायब्रेकर. भुवनेश्वरला २०२२ ला भारत-बांगलादेश फायनल जादा वेळेत गेली आणि भारतानं ५-२ नं मारली, त्यातले चार गोल एकट्या गुरकिरत सिंगचे. युपियाला मात्र १-१ झाल्यावर सरळ पेनल्ट्या. हे माहीत नसेल तर परतीची बस चुकते.

नियमाचं पुस्तक अधिकाऱ्यांनाही कधी कधी सापडत नाही. ८ फेब्रुवारी २०२४, ढाका, कमलापूरचं स्टेडियम, एकोणीस वर्षांखालच्या मुलींची फायनल. भारत पुढं होता, बांगलादेशच्या सागरिकानं जादा मिनिटांत बरोबरी केली. टायब्रेकर सुरू झाला आणि संपेचना. दोन्हीकडच्या अकराच्या अकरा पोरींनी, गोलींसकट, पेनल्टी मारली. ११-११. सडनडेथ, म्हणजे एकीनं चुकवेपर्यंत एकेक पेनल्टी, पुढं चालू ठेवायचा, एवढंच करायचं होतं. सामना अधिकाऱ्यानं नाणं उडवलं! भारत जिंकला म्हणून आपल्या मुली नाचल्या, बांगलादेशच्या पोरी मैदान सोडेनात, प्रेक्षकांतून बाटल्या आल्या. बऱ्याच वेळानं दोघांना संयुक्त विजेते जाहीर केलं. मी हा किस्सा टायब्रेकरच्या सरावाआधी दर वेळी सांगतो. पोरं विचारतात, सर, बाविसातली एक पण चुकली नाही? तोच मुद्दा आहे. नाण्याचं भांडण मोठ्यांनी केलं, पोरींनी आपलं काम चोख केलं होतं.

वागण्याचं थोडक्यात. समोरची पोरं सोळा-सतराची आहेत, कुठल्या का देशाची असेनात. भारत-पाकिस्तान सामना असला की बरोबरच्या एखाद्या काकांना चेव येतो; त्यांना स्टँडमध्ये माझ्याच शेजारी बसवतो. पेनल्टी चुकलेल्या पोराचा व्हिडिओ टाकायचा नाही. संघाच्या हॉटेलवर जाऊन लॉबीत उभं राहायचं नाही. फोटो हवा असेल तर संघाच्या मॅनेजरला विचारायचं, तो हो म्हणाला तर पाच मिनिटांत आटपायचं. नेपाळी प्रेक्षक स्वतःच्या संघासाठी घसा फोडतात, पण परक्या पोरानं चांगला बॉल टाकला की टाळ्याही देतात. आपल्या पोरांनीही द्याव्यात.

ज्यांना जाणं जमत नाही त्यांनी घरी मोबाइलवर बघावं, सामने यूट्यूबवर थेट दाखवतात. कॅमेरा बॉलमागं फिरतो, त्यामुळं लेफ्ट बॅकची वही घरी भरत नाही. त्याऐवजी कॉर्नर आणि फ्री किक थांबवून थांबवून बघा, कोण कुणाला अडवतं ते कागदावर काढा. वेळ मात्र तपासून लावा. काठमांडूची घड्याळं आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं, थिंपूची तीस. तिथल्या पत्रकावर पावणेसहा लिहिलं असेल तर काठमांडूचा सामना आपल्याकडं साडेपाचला सुरू, थिंपूचा सव्वापाचला.